वाकवून तोडायचा बोर्ड : पहिल्यांदा डिझाइन करणाऱ्यांसाठी

दुचाकीत बसणाऱ्या एका छोट्या कंट्रोलरचे परत आलेले सर्किट बोर्ड माझ्या टेबलावर होते. काही महिने नीट चालले आणि मग बॅटरीच्या बाजूचा एक सिरॅमिक कॅपॅसिटर शॉर्ट होऊन काळा पडला. प्रत्येक बोर्डावर तोच. तो बोर्डाच्या कडेपासून जेमतेम २ मिलिमीटरवर बसवलेला होता, आणि ती कड म्हणजे व्ही-ग्रूव्हची, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेची कड, जिथून पॅनल (एकत्र बनवलेल्या अनेक बोर्डांचा पत्रा) मोडून बोर्ड सुटे करतात. असेंब्ली जिथे होत होती तिथे जाऊन पाहिलं, तर काम करणारा मुलगा पॅनल टेबलाच्या धारेवर धरून उसाची कांडी मोडावी तसा कटाकट मोडत होता. त्याची काही चूक नव्हती. त्याला तसंच दाखवलं होतं.

कॅपॅसिटर मोडतानाच तडकत असणार हे मला दिसत होतं, पण ‘बॅच खराब असेल’ हे उत्तर सगळ्यांनाच सोयीचं होतं. शेवटी बोर्ड किती वाकला की तो कॅपॅसिटर फुटतो, हे दाखवणारा एक साधा बोर्ड काढावा लागला. दोन लेयर, दहा कॅपॅसिटर, एक रिबन केबल. सर्किट म्हणून त्यात काहीच नाही. तरी तो नीट काढायला मला तीन प्रयत्न लागले, कारण नेहमीचा बोर्ड टिकावा म्हणून आपण जे करतो त्यातलं निम्मं इथे उलटं करावं लागतं. चाचणीचा बोर्ड कुठे तुटणार हे आपण ठरवायचं असतं, आणि तुटला की त्याच क्षणी त्याने ते सांगायला हवं. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी आहे.

कीकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा बोर्ड काढून मागवला असेल आणि सोल्डरिंग येत असेल, तर हे तुम्हाला जमेल.

पहिलं काम : प्रश्न एकच ठेवा

बोर्डाला यांत्रिक त्रास चार प्रकारांनी होतो. तो वाकतो, पडतो, थरथरतो, आणि तापून-गार होऊन आतल्या आत ओढला जातो. चारही प्रकारांना एकच बोर्ड वापरायचा मोह होतो. तो टाळा. वाकवण्यासाठी लागणारा लांबट बोर्ड पाडण्याच्या चाचणीत निरुपयोगी ठरतो, आणि पाडण्यासाठी चार कोपऱ्यांत स्क्रू लागणारा बोर्ड रोलरवर नीट बसत नाही.

सुरुवात वाकवण्यापासून करा. ती टेबलावर करता येते, यंत्र हाताने बनवता येतं आणि हिशेब शाळेच्या गणिताने सुटतो. शिवाय कारखान्यात सिरॅमिक कॅपॅसिटर तडकण्याची बहुतेक कारणं वाकण्याचीच असतात: पॅनल मोडणं, कनेक्टर जोरात दाबणं, टेस्ट फिक्श्चरच्या (बोर्ड तपासायला पकडून ठेवणाऱ्या साच्याच्या) पिना, उंच-सखल पृष्ठभागावर आवळलेले स्क्रू.

या लेखातला प्रश्न असा: १२०६ आकाराचा (सुमारे ३.२ × १.६ मिलिमीटरचा) कॅपॅसिटर वाकण्याच्या दिशेत उभा ठेवला, म्हणजे त्याची लांबी बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ठेवली, तर लवकर फुटतो की आडवा ठेवला तर? एवढंच. पॅडचा आकार, सोल्डरचं प्रमाण, सॉफ्ट टर्मिनेशनचे (टोकांना लवचिक थर असलेले) कॅपॅसिटर हे सगळे चांगले प्रश्न आहेत. त्यांचे बोर्ड वेगळे.

बोर्ड किती वाकवला म्हणजे किती ताण?

पाठ्यपुस्तकात ज्याला विकृती म्हणतात त्याला आपण सगळे स्ट्रेन म्हणतो. लांबी दहा लाखाव्या भागाने वाढली की १ मायक्रोस्ट्रेन. असेंब्लीच्या कामात ५०० मायक्रोस्ट्रेन ही सावध मर्यादा अनेक जण पाळतात.

कॅपॅसिटर बनवणाऱ्यांची जुनी चाचणी तीन बिंदूंची आहे. वाहन उद्योगात एईसी-क्यू२०० या मानकातही ती येते. १०० × ४० मिलिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा बोर्ड ९० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर, कॅपॅसिटरची बाजू खाली करून ठेवतात आणि मधोमध वरून दाबतात. खालची बाजू ताणली जाते. मधल्या बिंदूचा स्ट्रेन असा निघतो:

स्ट्रेन = ६ × जाडी × वाक ÷ (आधारांमधलं अंतर × आधारांमधलं अंतर)

२ मिलिमीटर वाकासाठी ६ × १.६ × २ ÷ ८१००, म्हणजे सुमारे २३७० मायक्रोस्ट्रेन. यात अडचण अशी की हा आकडा फक्त मधोमध खरा असतो. तिथून आधाराकडे जाताना स्ट्रेन सरळ रेषेत उतरत जातो. मध्यापासून २० मिलिमीटर सरकलेल्या कॅपॅसिटरला जेमतेम ५६ टक्के मिळतो. म्हणजे एका बोर्डावर एकच कॅपॅसिटर तपासता येणार.

आपल्याला दहा तपासायचे आहेत, म्हणून चार बिंदू घ्या. खाली दोन रोलर ९० मिलिमीटर अंतरावर, वर दोन रोलर ४० मिलिमीटर अंतरावर. वरच्या दोन रोलरांच्या मधल्या पट्ट्यात स्ट्रेन सगळीकडे सारखा असतो. बाहेरच्या आणि आतल्या रोलरमधलं अंतर २५ मिलिमीटर झालं, तर:

स्ट्रेन = ३ × जाडी × वाक ÷ [२५ × (३ × ९० − ४ × २५)]

१.६ मिलिमीटर जाडीसाठी हे १ मिलिमीटर वाकाला साधारण ११३० मायक्रोस्ट्रेन येतं. दर पाव मिलिमीटरला २८० धरा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

इथला ‘वाक’ म्हणजे वरचे रोलर खाली किती गेले ते अंतर. बोर्डाचा मध्य त्याहून जास्त खाली जातो. रोलर १ मिलिमीटर गेले की मध्य जवळजवळ १.२८ मिलिमीटर जातो. डायल गेजचं (बारीक सरकणं मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणाचं) टोक मध्याखाली लावून तोच आकडा सूत्रात घातला, तर सगळे स्ट्रेन २८ टक्क्यांनी फुगतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं होतं आणि ते लक्षात यायला दोन दिवस गेले.

बोर्डाची रूपरेषा

लांबी १३० मिलिमीटर, रुंदी ४०. आधारांच्या पलीकडे एका बाजूला ५ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ३५ मिलिमीटरचं शेपूट. वायरी जोडायच्या त्या शेपटावर. आधारांच्या बाहेरचा भाग वाकत नाही, त्यामुळे तिथे काहीही बसवलं तरी हिशेब बिघडत नाही. कनेक्टर वाकणाऱ्या भागात बसवला, तर तो त्या जागी बोर्डाला पाठीचा कणा दिल्यासारखा ताठ करतो आणि वाक दुसरीकडे सरकतो. खरं तर कनेक्टरच नको. रिबन केबल सरळ पॅडवर सोल्डर करा आणि मुळाशी सिलिकॉनचा एक ठिपका द्या.

वाकणाऱ्या भागात भोक नको, खाच नको, स्लॉट नको. भोकाच्या कडेला ताण साचतो.

पॅनल करू नका. पैसे वाचवायला पाच-पाच बोर्डांचं व्ही-ग्रूव्ह पॅनल मागवलं, तर ते मोडतानाच कॅपॅसिटर तडकतील आणि चाचणीआधीच उत्तर बिघडेल. ऑर्डर देताना सुटे बोर्ड आणि राउटरने कापलेल्या कडा, असं स्पष्ट लिहा.

रोलर कुठे टेकणार त्या चार रेषांची खूण सिल्कस्क्रीनवर करा, पण पूर्ण रेघ मारू नका. दोन्ही कडांना ३ मिलिमीटरच्या छोट्या रेघा पुरतात. प्रत्येक बोर्ड त्याच जागी बसतो आहे हे त्यावरून डोळ्यांनी कळतं.

कॅपॅसिटरची मांडणी

आतला ४० × ४० चा चौकोन आपला. त्यात पाच कॅपॅसिटर उभे आणि पाच आडवे. ते एकाआड एक बसवा. पाच उभे डावीकडे आणि पाच आडवे उजवीकडे असे गट केले आणि तुमचं फिक्श्चर किंचित तिरकं असलं, तर डाव्या गटाला जास्त ताण मिळेल आणि तुम्ही तो दिशेचा दोष समजाल. दोन कॅपॅसिटरांमध्ये निदान ५ मिलिमीटर सोडा. सिरॅमिक बोर्डापेक्षा खूपच ताठ असतं, आणि शेजारी चिकटून बसले तर ते एकमेकांना आधार देतात. कडेपासूनही ५ मिलिमीटर आत. मधोमध १० × १० ची मोकळी जागा स्ट्रेन गेजसाठी (ताणली की रेझिस्टन्स बदलणाऱ्या, चिकटवायच्या पातळ पट्टीसाठी) राखून ठेवा, आणि तिथून कॅपॅसिटरच्या बाजूने एकही ट्रॅक नेऊ नका, कारण ट्रॅकच्या उंचवट्यावर गेज नीट चिकटत नाही.

पॅडचा आकार तुमच्या खऱ्या उत्पादनातूनच उचला. लायब्ररीतला १२०६ आणि तुमच्या बोर्डावरचा १२०६ यांच्या पॅडमध्ये फरक असतो. पॅड मोठं असलं की सोल्डर जास्त चढतं, आणि सोल्डर जास्त असलं की कॅपॅसिटर जास्त ओढला जातो. पृष्ठभागाचं फिनिशही उत्पादनात असेल तेच घ्या.

जोडणी : समांतर का नको

दहाही कॅपॅसिटर समांतर जोडून दोनच वायरी बाहेर काढल्या तर किती सोपं होईल, असं वाटतं. १०० नॅनोफॅरडचे दहा समांतर म्हणजे १००० नॅनोफॅरड. त्यातला एक तडकून ३० टक्क्यांनी घसरला, तर एकूण आकडा ३ टक्क्यांनी हलेल. एवढा फरक खोलीचं तापमान बदलल्यानेही पडतो. कोणता फुटला हे तर कळणारच नाही. म्हणून प्रत्येकाचं एक टोक कॉमन आणि दुसरं टोक स्वतःच्या ट्रॅकने शेपटापर्यंत. एकूण अकरा वायरी, शिवाय गेजच्या दोन वेगळ्या. ट्रॅकची काही पिकोफॅरडची भर १०० नॅनोफॅरडपुढे नगण्य आहे.

आता ट्रॅक कुठून न्यायचे ते पाहा. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. कॅपॅसिटरची बाजू खाली आहे. आतले रोलर पाठीमागच्या बाजूला टेकतात आणि बाहेरचे रोलर कॅपॅसिटरच्या बाजूला. म्हणजे कोणत्याही एकाच बाजूने ट्रॅक नेला तरी तो कुठे ना कुठे रोलरखाली चिरडला जातो. सोल्डर मास्क खरवडला की लोखंडी रोलर सगळे ट्रॅक शॉर्ट करतो आणि मीटर भलतंच दाखवू लागतो. उपाय असा: आतल्या रोलरच्या रेषेपर्यंत आणि तिच्या थोडं पुढे ट्रॅक कॅपॅसिटरच्या बाजूने न्या. मग आतल्या आणि बाहेरच्या रोलरमधल्या २५ मिलिमीटरच्या पट्ट्यात, बाहेरच्या रोलरच्या जवळ, व्हायाने पाठीमागे उतरवा आणि आधाराची रेषा तिकडून ओलांडा. तिथे स्ट्रेनही कमी झालेला असतो, त्यामुळे व्हायावर फारसा भार येत नाही. तरीही रोलरवर पॉलिइमाइडची टेप गुंडाळा.

ग्राउंडचं कॉपर ओतण्याची सवय इथे सोडा. ३५ मायक्रॉन कॉपर पातळ वाटतं, पण ते बोर्डाच्या अगदी बाहेरच्या थरात असतं आणि काच-इपॉक्सीच्या पाचपट ताठ असतं. १.६ मिलिमीटरच्या बोर्डावर दोन्ही बाजूंना पूर्ण कॉपर ओतलं, तर ढोबळ हिशेबाने त्याचा ताठपणा सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या भागात ओतलं आणि अर्ध्यात नाही, तर बोर्ड एकसारखा वाकत नाही. जिथे कॉपर नाही तिथे कोपर वाकावं तसा दुमडतो. त्यामुळे कॉपर एकतर सगळीकडे सारखं हवं, नाहीतर कुठेच नको. माझ्या बोर्डावर फक्त ट्रॅक होते.

मागवताना

बोर्ड ज्याचा बनतो त्या एफआर-४ या काच-इपॉक्सीमधलं काचेचं कापड उभ्या आणि आडव्या धाग्याने विणलेलं असतं आणि दोन्ही दिशांना त्याचा ताठपणा थोडा वेगळा असतो. सगळे बोर्ड एकाच दिशेने कापा, अशी टीप द्या आणि त्या दिशेचा बाण सिल्कस्क्रीनवर टाका. सोबत अनुक्रमांक लिहायला एक पांढरा चौकोन ठेवा आणि कॅपॅसिटरची नावं पाठीमागेही छापा, कारण चाचणीच्या वेळी समोरची बाजू तुम्हाला दिसणार नसते.

निदान बारा बोर्ड मागवा. दहा वाकवायला, एक फक्त यंत्र जुळवायला, एक कधीही न वाकवता तुलनेसाठी ठेवायला. सिरॅमिक ठिसूळ असतं आणि ठिसूळ वस्तू एका ठरावीक ताणाला फुटत नाहीत. तोच कॅपॅसिटर, तीच बॅच, तरी एक लवकर जातो आणि एक बराच टिकतो. एका बोर्डाने काहीच सिद्ध होत नाही.

बोर्ड आले की प्रत्येकाची जाडी मायक्रोमीटरने मोजून त्या पांढऱ्या चौकोनात लिहा. १.६ च्या बोर्डाला कारखाने सहसा १० टक्के कमी-जास्त चालवतात, आणि सूत्रात स्ट्रेन जाडीच्या सरळ प्रमाणात आहे. १.५ चा बोर्ड १.६ समजून चालाल, तर तेवढीच चूक उत्तरात उतरेल.

सोल्डरिंग आणि एका दिवसाची वाट

सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा. गरम टोक सरळ सिरॅमिकला लागलं तर उष्णतेच्या धक्क्यानेच बारीक तडे जातात आणि मग दोष वाकण्यावर जातो. स्टेन्सिल, पेस्ट आणि रिफ्लो ओव्हन वापरा. ते नसेल तर हॉट प्लेट. उत्पादनात एसएसी३०५ ही बिनशिशाची सोल्डर असेल तर इथेही तीच. ती २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि जुन्या शिशाच्या सोल्डरपेक्षा ताठ असते, त्यामुळे दोन्हींचे निकाल एकमेकांशी ताडू नका.

यानंतर मन आवरा. एक्स७आर या प्रकारचे सिरॅमिक कॅपॅसिटर बेरियम टायटनेटचे असतात. रिफ्लोमध्ये ते तापले की त्यांची कॅपॅसिटन्स थोडी वर जाते आणि नंतर तास उलटतील तशी हळूहळू उतरते. सुरुवातीला भराभर, मग संथ. मी एकदा दुपारी बोर्ड ओव्हनमधून काढले, अर्ध्या तासात सगळ्यांची मोजणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दहाही कॅपॅसिटर सुमारे ४ टक्क्यांनी खाली. बोर्ड तर अजून वाकवलाही नव्हता. म्हणून रिफ्लोनंतर २४ तास थांबा आणि मगच पहिली नोंद घ्या. एलसीआर मीटर (कॅपॅसिटन्स मोजणारं) १ किलोहर्ट्झवर ठेवा, प्रत्येक वेळी तोच व्होल्टेज, आणि बोर्डाला बोटं न लावता, कारण हाताच्या उबेनेही आकडा सरकतो.

स्ट्रेन गेज एकाच बोर्डावर पुरतो

सूत्रावर आंधळा विश्वास नको, म्हणून जुळवणीच्या बोर्डावर एक गेज लावा. ३५० ओहमचा घ्या. १२० ओहमचा स्वस्त असतो, पण ५ व्होल्टच्या ब्रिजमध्ये (गेज आणि तीन रेझिस्टन्स यांच्या चौकोनी जोडणीत) त्यात ५२ मिलिवॅट उष्णता होते, आणि एफआर-४ उष्णता वाहून नेत नाही. गेज स्वतःच तापतो आणि आकडा सरकत राहतो. ३५० ओहममध्ये तेच १८ मिलिवॅट.

जागा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासा. सोल्डर मास्कची चकाकी गेली की थांबा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकाच दिशेने पुसा, पुढे-मागे पुसलं तर मळ परत तिथेच येतो. गेज पारदर्शक टेपवर उचलून खुणेवर ठेवा, टेप अर्धी उलटून खाली सायनोअॅक्रिलेटचा (सुपरग्लूचा) एक थेंब सोडा आणि अंगठ्याने एक मिनिट दाबून धरा. अंगठ्याची ऊब आणि दाब दोन्ही कामाचे असतात. टेप काढताना वर ओढू नका, मागे दुमडत सोलून काढा.

ब्रिजची बाकीची तीन रेझिस्टन्स ०.१ टक्क्याची हवीत. १००० मायक्रोस्ट्रेनला अशा ब्रिजमधून जेमतेम २.५ मिलिव्होल्ट येतात. एकच रेझिस्टन्स १ टक्क्याने चुकला, तर न वाकवताच १२.५ मिलिव्होल्टचा फरक दिसतो. वजनकाट्यात वापरतात ते एचएक्स७११ मॉड्यूल इथे छान चालतं, पण त्याची कमाल मर्यादा २० मिलिव्होल्टच्या आसपास असते. दोन रेझिस्टन्स चुकीच्या दिशेने गेले की ते तिथेच भरून जातं.

बोर्ड १ मिलिमीटर वाकवून पाहा. हिशेबाचे ११३० आणि गेजचा आकडा यांत १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर पुढे जा. जास्त असेल तर बहुधा रोलर समांतर नसतात. बोर्डाच्या दोन्ही कडांखाली डायल गेज लावून पाहिलं की लगेच कळतं.

फिक्श्चर

जाड अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर ९० मिलिमीटर अंतरावर १० मिलिमीटर व्यासाचे दोन गोल बार. वर तसेच दोन बार ४० मिलिमीटरवर, एका तुकड्यावर बसवलेले. त्या तुकड्याला मधोमध एम६ चा बोल्ट दाबतो. एम६ का? कारण त्याच्या आट्यांची पिच बरोबर १ मिलिमीटर असते. पूर्ण फेरा म्हणजे १ मिलिमीटर, पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. बोल्टच्या टोकाखाली सायकलच्या बेअरिंगची एक गोळी ठेवा, म्हणजे वरचा तुकडा स्वतःहून बोर्डाशी जुळवून घेतो आणि बोर्ड पिळला जात नाही. ताकद फार लागत नाही. आपल्या बोर्डाला १ मिलिमीटर वाकवायला साधारण ३ किलोचा भार पुरतो.

प्रत्यक्ष चाचणी

डोळ्यांवर गॉगल हवाच. बोर्ड खुणांवर बसवा, बोल्ट टेकेपर्यंत फिरवा, डायल शून्य करा. मग पाव फेरा, दहा सेकंद थांबा, दहाही कॅपॅसिटर मोजा, लिहा. पुन्हा पाव फेरा. घाई करू नका आणि सगळ्या बोर्डांना वेग सारखा ठेवा, कारण झटक्याने वाकवलेला बोर्ड आणि हळू वाकवलेला बोर्ड वेगळं वागतात.

मोजणी वाकलेल्या अवस्थेतच घ्यायची. बोर्ड सोडला की तडा मिटतो, दोन्ही बाजू पुन्हा टेकतात आणि मीटर पहिलाच आकडा दाखवतं. कारखान्यातली चाचणी अशाच कॅपॅसिटरला पास करते. मग पावसाळ्यात त्या तड्यात ओल शिरते, आतल्या दोन पत्र्यांमध्ये वाट तयार होते आणि कधीतरी तो जळतो. माझ्या टेबलावरचे बोर्ड असेच आले होते.

कॅपॅसिटन्स पहिल्या नोंदीपेक्षा १० टक्क्यांनी घसरली की तो फुटला, असा नियम आधीच लिहून ठेवा. आकडे पाहून नियम ठरवू नका. शांत खोलीत काही वेळा ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि पुढच्याच मोजणीत एक आकडा घसरलेला दिसतो. ती वेळही नोंदवा.

सगळे बोर्ड झाले की सरासरीच्या मागे लागू नका. उभ्यांचे ५० आणि आडव्यांचे ५०, प्रत्येकाचा फुटण्याचा स्ट्रेन लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावा आणि वायबुल आलेखावर (किती ताणाला किती टक्के फुटले हे दाखवणाऱ्या) मांडा. उत्पादनात सगळ्यात कमकुवत कॅपॅसिटर परत येतो, सरासरीचा येत नाही, म्हणून यादीची वरची चार-पाच नावं जास्त बोलतात. माझ्या यादीत सुरुवातीची सगळी नावं उभ्यांची होती.

मग दोन-तीन कॅपॅसिटर कापून पाहा, नाहीतर मीटरवरचं सगळं अंदाजच राहतं. बोर्डाचा तो तुकडा इपॉक्सीत बुडवून घट्ट होऊ द्या आणि ४०० पासून २००० नंबरपर्यंतच्या पेपरवर पाण्यात घासत जा. यूएसबी मायक्रोस्कोपखाली टर्मिनेशनच्या (कॅपॅसिटरच्या टोकावरच्या धातूच्या थराच्या) काठापासून निघून सुमारे ४५ अंशांत वर चढणारी काळी रेघ दिसली, की तो वाकण्याचाच तडा. परत आलेल्या बोर्डाचा कॅपॅसिटरही तसाच कापून शेजारी ठेवा.

पाडणं, थरथर आणि तापमान

हे जमलं की पुढचे बोर्ड काढता येतील. पाडण्याच्या चाचणीला जेडेक या मानक संस्थेचं जेईएसडी२२-बी१११ हे मानक आहे. १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट) इतका धक्का, अर्ध्या मिलिसेकंदाचा. तिथे बीजीए चिपच्या खालचे सोल्डरचे गोळे एकामागून एक जोडून साखळी करतात, म्हणजे एक जोड तुटला तरी साखळी तुटते. ती तुटते मात्र मायक्रोसेकंदांपुरती, बोर्ड हवेत वाकलेला असताना. साधं मल्टीमीटर ते पकडत नाही, वेगळा डिटेक्टर लागतो.

तापमानाच्या चाचणीला आयपीसी-९७०१ या मानकामध्ये साखळीचा रेझिस्टन्स २० टक्क्यांनी वाढणं हे निकामी होण्याचं लक्षण धरतात. इथे कॉपरचा स्वभाव ध्यानात घ्या. दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ५० अंश तापल्यावर कोणताही जोड न तुटता २० टक्के होतात. तुलना नेहमी त्याच तापमानाच्या नोंदीशी करा, आणि साखळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पॅड देऊन चार वायरींनी मोजा, नाहीतर वायरीचाच रेझिस्टन्स मोजत बसाल.

थरथरीसाठी शेकर टेबल लागतं आणि ते घरी होत नाही. पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था, मुंबईत अंधेरीची ईआरटीएल ही इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा अशा ठिकाणी सोय आहे. जाण्याआधी बोर्डाच्या चार भोकांची जागा त्यांच्या फिक्श्चरशी जुळते का ते विचारा.

त्या कंट्रोलरचं पुढे असं झालं. कॅपॅसिटर आडवा फिरवला आणि ग्रूव्हपासून ६ मिलिमीटर आत नेला. पॅनल मोडायला गोल चाकूचं हाताने चालवायचं यंत्र आणलं. मोडताना किती स्ट्रेन येतो हे पाहायला एका पॅनलवर गेज लावून जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धती मोजल्या, आणि टेबलाच्या धारेवर मोडणाऱ्या त्याच मुलाने दुसऱ्या वेळी आकडा स्वतः वाचून दाखवला. बारावा बोर्ड, न वाकवलेला, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये बंद पिशवीत आहे. कोणी नव्या बॅचबद्दल विचारलं की आधी तो काढून पुन्हा मोजते.